बेसिक, बिझनेस आणि काटकोन

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. मोठं काम अंगावर आलं आहे, आणि मोठ्या कामाची नोंद दुसरं कुणी नीट ठेवेल यावर माझा भरवसा नाही.

सकाळी धाकट्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. मोठे साहेब होते तेव्हा उभंच राहावं लागायचं. आमच्या झाकणांच्या कारखान्यात आजवर सगळे निरोप ज्याच्या त्याच्या फोनवर चालत आले. परवा पॅकिंगच्या सुपरवायझरने गिऱ्हाइकाचे भाव चुकून आपल्या सासरच्या ग्रुपवर टाकले. त्या ग्रुपवर त्याचा साडू आहे, आणि साडू दुसऱ्या झाकणांच्या कारखान्यात आहे. तेव्हा आता ऑफिसचं स्वतःचं मेसेजिंग सॉफ्टवेअर घ्यायचं. त्याचे तीन प्लॅन आहेत: बेसिक, बिझनेस, एंटरप्राइझ. कशात काय मिळतं, आपण कुठला घ्यावा, याचा तक्ता महिनाअखेर मी द्यायचा.

मीच का, असं विचारलं. साहेब म्हणाले, "तुमच्या हातात जरा वेळ असतो, असं कळलं." म्हणजे माझं वेळेचं नियोजन वरपर्यंत पोचलं आहे.

हे नुसतं तक्त्याचं काम नाही. सॉफ्टवेअर आलं की ते सांभाळायला प्रमुख लागणार. प्रमुखाला केबिन लागणार.

काटकोनला सांगितलं. काटकोन म्हणजे आमचा अकाउंटंट. आम्ही एकाच महिन्यात नोकरीला लागलो. तो बसतो, उभा राहतो, सही करतो, सगळं काटकोनात, म्हणून नाव मीच ठेवलं. तो म्हणाला, "छान झालं. मग तेवढे दिवस डिस्पॅचची ऑर्डर मी लिहीत जातो." कुठल्या गाडीत कुठल्या मापाची झाकणं चढवायची, ही ऑर्डर रोज सकाळी मी लिहितो. गेली कित्येक वर्षं. मी म्हणालो, दोन्ही करीन. त्याने पुन्हा एकदा विचारलं. पुन्हा नाही म्हणालो. माझ्यावर फार ताण पडू नये अशी त्याची धडपड असते.

घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला? सॉफ्टवेअर?" मग म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कधी जायचं?"

डोळे उत्तम आहेत. अलीकडे छपाई सगळीकडेच वाईट होत चालली आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

कंपनीच्या सेल्समनचा फोन. आवाज असा मधाळ की फोन पुसून ठेवावा लागला. पहिलाच प्रश्न, "सर, अंतिम निर्णय तुमचाच ना?" हो म्हणालो. एवढ्या लवकर माणूस ओळखणारा सेल्समन मी पाहिला नाही.

आमच्या आयटीच्या मॅडमनी त्यांनी आधीच केलेला तुलनेचा कागद पाठवला. एकच पान. वयाने माझ्या मुलीएवढ्या, दर सोमवारी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावतात, म्हणून आम्ही पासवर्डबाई म्हणतो. कागद उघडला नाही. दुसऱ्याच्या मतांनी दृष्टी गढूळ होते.

माझा अभ्यास:

बेसिकमध्ये मेसेज काही महिने टिकतात, मग आपोआप पुसले जातात. बिझनेसमध्ये कायम राहतात. एंटरप्राइझमध्ये लिहिणाऱ्याने स्वतः पुसले तरी राहतात, आणि लागेल तेव्हा काढून दाखवता येतात. थोडक्यात, आमच्या हिची स्मरणशक्ती.

'गेस्ट' नावाचा एक प्रकार आहे. आत येऊ शकतो, एका कोपऱ्यात बसून बघू शकतो, बाकी त्याला कुणी काही विचारत नाही. लग्नातले लांबचे काका.

निश्चय: रोज एक फीचर.

५ सप्टेंबर, गुरुवार

चाचणीसाठी बिझनेस प्लॅन फुकट सुरू झाला. सगळा कारखाना त्यावर. ॲडमिन दोघं, मी आणि पासवर्डबाई. माझ्या नावाशेजारी छोटा मुकुट दिसतो.

सगळ्यांसाठी पहिला मेसेज लिहिला. शिस्त, संवाद, संस्थेची प्रगती. चार परिच्छेद. मेसेज कुणी वाचला हे यात दिसतं. सगळ्यांनी वाचला. एकानेही उत्तर दिलं नाही. याला धाक म्हणतात.

सुपरवायझरने अंगठा टाकला होता. नंतर काढून घेतला.

डिस्पॅचची ऑर्डरही आता यावरच टाकतो. फॉन्ट फारच बारीक. तक्त्यात 'तोटे' या सदरात लिहिलं.

९ सप्टेंबर, सोमवार

चौथ्यांदा तपासलं. चूक नाही.

ॲडमिनला कुठकुठले ग्रुप आहेत ते दिसतं. आत काय लिहिलंय ते दिसत नाही, पण नाव, माणसं, आणि कधी किती बोलतात ते दिसतं. एक ग्रुप आहे, 'सकाळचा चहा'. माणसं तीन: काटकोन, पॅकिंगचा सुपरवायझर आणि गेटवर गाड्यांच्या पावत्या फाडणारी क्लार्क. तिघांचाही रोजचा संबंध माझ्या ऑर्डरशी. आणि मी त्यात नाही.

सकाळचा चहा तर काटकोन माझ्याबरोबर घेतो. रोज. माझ्याच टेबलावर. तोच दोन कप घेऊन येतो.

आणखी एक. हा ग्रुप दिवसभर गप्प असतो. मी सकाळी ऑर्डर टाकली की पाठोपाठ तिथे धो धो सुरू होतं.

बराच विचार केला. एकच अर्थ निघतो. माझ्या नोकरीला यंदा पाव शतक होतंय. ही मंडळी गुपचूप सत्काराची तयारी करत आहेत. काटकोन भाषण करणार. त्याला भाषण येत नाही, पण भावना पोचेल.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "विचारा ना त्यांनाच." बायकांना गुपिताची मजा कळत नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

चहाच्या वेळी काटकोनला सहज विचारलं, काय, चहाचं कसं काय चाललंय. तो म्हणाला, "थोडा पातळ आहे आज." चेहऱ्यावर काही नाही. पोहोचलेला माणूस.

मग म्हणाला, "अरे, एकदा डोळे दाखवून ये ना. मी येतो बरोबर." हा आणि ही एकमेकांना फोन करतात की काय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

मधाळ सेल्समनला विचारलं, ग्रुपच्या आत काय बोललं जातं ते ॲडमिनला कधी दिसतं. तो म्हणाला, फक्त एंटरप्राइझमध्ये, सर. ॲडमिनने कारण देऊन मागणी केली, दुसऱ्या ॲडमिनने मंजूर केली, की सगळं संभाषण बाहेर काढता येतं. पुसलेलंसुद्धा.

आज तक्ता पूर्ण केला. सर्व बाजूंनी विचार करता कारखान्याला एंटरप्राइझशिवाय पर्याय नाही. हे मत पूर्णपणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आहे. शिवाय माणशी दर बिझनेसपेक्षा कमी दिसतो, त्याचं जरा आश्चर्य वाटलं. पण मोठ्या कंपन्यांचं असंच असतं.

सत्कारासाठी कुठला कोट घालावा. निळा पाठीत घट्ट होतो.

१६ सप्टेंबर, सोमवार

सत्कार वगैरे काही नाही.

आज ऑर्डर घरूनच टाकली आणि लवकर पोचलो. गेटजवळ एक भरलेली गाडी पुन्हा रिकामी करत होते. खोकी खाली, दुसरी खोकी वर. सुपरवायझर माणसांना हळू आवाजात सूचना देत होता, काटकोन हातात कागद घेऊन उभा, शेजारी क्लार्क. मला पाहिल्यावर तिघंही गप्प. मी विचारलं, काय चाललंय. क्लार्क म्हणाली, "टायर बघत होतो, सर." टायर बघायला खोकी उतरवतात, हे मला पाव शतकात कुणी सांगितलं नव्हतं.

काटकोनच्या हातातला कागद मी ओळखला. माझीच ऑर्डर. तिच्यावर लाल पेनने खुणा.

सगळं लख्ख झालं. मी ऑर्डर टाकतो, मग ग्रुपवर ठरतं, मग माल बदलला जातो. माझ्या पाठीमागे. कशासाठी, ते उघड आहे. उद्या गिऱ्हाइकाकडे चुकीचा माल गेला की खापर कुणावर. ऑर्डरखाली सही कुणाची.

मला प्रमुख होऊ द्यायचं नाही. एवढं साधं आहे.

काटकोन. मला वाटलं होतं, बाकी कुणीही असेल.

१७ सप्टेंबर, मंगळवार

चहा बंद. तो कप घेऊन आला, नेहमीच्या जागी ठेवला. मी तक्त्यात डोकं घातलं. तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "बरं नाही का तुला?" मी म्हणालो, कामात आहे. तो स्वतःचा कप घेऊन परत गेला. माझ्या चहावर साय धरली. शिपायाने दुपारी उचलला.

घरी हिला सगळा कट समजावून सांगितला. तिने पोळी लाटायची थांबवली. म्हणाली, "तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात कोण झोपत होतं? मी घरी पोरीपाशी, आणि ते बाकावर." मी म्हणालो, असली माणसं फार लांबचा विचार करून चालतात. त्यावर ती इतका वेळ माझ्याकडे बघत राहिली की तव्यावरची पोळी करपली. ती मलाच वाढली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

साहेबांसमोर सादरीकरण. पासवर्डबाई हजर.

सुरुवात चांगली झाली. साहेबांनी विचारलं, झाकणांच्या कारखान्याला एवढा वरचा प्लॅन कशाला. मी तयारच होतो. म्हणालो, साहेब, झाकणाखाली काय शिजतंय ते कळायला हवं. साहेब हसले नाहीत. त्यांना विनोद उशिरा कळतो, वडिलांसारखंच.

पासवर्डबाई म्हणाल्या, बेसिक पुरेसं आहे. मग तक्त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, हा दर तुम्ही तीन लिहिलाय. तो आठ आहे." मी म्हणालो, त्यांच्या वेबसाइटवर छपाईची चूक असणार. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. फॉन्ट अतिशय बारीक.

मग त्यांनी सरळच विचारलं, "सर, तुम्हाला नेमकं कुणाचं काय वाचायचंय?"

मला हे सगळ्यांसमोर काढायचं नव्हतं, पण वेळ आली. सांगितलं. माझ्या ऑर्डरमध्ये फेरफार होतो, एक टोळी आहे, पुरावा त्या ग्रुपमध्ये आहे. तिघांची नावं घेतली. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. अशी खुर्ची त्यांनी माझ्यासाठी कधी ओढली नव्हती.

निर्णय: मधाळकडून एक आठवडा एंटरप्राइझ चाचणीसाठी घ्यायचं. दुसरे ॲडमिन स्वतः साहेब.

हा माझा विजय आहे. काटकोनच्या टेबलाजवळून जाताना मान ताठ ठेवली. कपाटावर आपटलो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मागणी टाकली. 'कारण' या चौकटीत लिहिलं, 'मालाच्या ऑर्डरमध्ये संगनमताने फेरफार'. 'संगनमताने' या शब्दावर समाधान वाटलं.

साहेबांनी फोन करून विचारलं, "खात्री आहे? एकदा उघडलं की मला पुढचं करावं लागेल." मी म्हणालो, साहेब, नोकरी पणाला लावतो.

जिन्यात पासवर्डबाई भेटल्या. म्हणाल्या, "सर, मंजुरी यायच्या आत मागणी परत घेता येते. एकदा त्यांच्याशी बोलून तर बघा. इतक्या वर्षांचे मित्र आहात तुम्ही." मी म्हणालो, मॅडम, तुम्ही अजून लहान आहात. त्या बाजूला झाल्या.

२३ सप्टेंबर, सोमवार

साहेब सकाळपासून दार लावून वाचत बसले आहेत. मंजूर केलेली फाइल आधी त्यांच्याकडेच गेली. मला अजून मिळाली नाही.

मधल्या वेळात क्षमेचा मसुदा केला. क्लार्कला क्षमा, घरची जबाबदारी आहे. सुपरवायझरला क्षमा, तो मुळात ढ आहे. काटकोनला क्षमा करायची की नाही ते ठरत नाही. केली तरी लगेच करणार नाही. त्याने मागावी लागेल.

दुपारी तो आला. म्हणाला, "साहेबांनी बिलं परत पाठवली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुझ्या काही कानावर आलंय का?" मी म्हणालो, नाही.

तो म्हणाला, "बरं." आणि जाताना माझ्या टेबलाची हलणारी खुर्ची नीट लावून गेला. ही सवय आहे त्याची. त्याचा काही अर्थ काढायचं कारण नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

झालं ते क्रमाने लिहितो.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. ते तिघं, मी, पासवर्डबाई. खुर्च्या कमी होत्या. काटकोन उभा राहिला.

साहेबांनी कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला लागले. आवाज सपाट.

आज अडतीसची झाकणं लिहायची ती तेहतीस लिहिली आहेत. गाडी थांबवा.

आज दोन गिऱ्हाइकांची अदलाबदल झाली आहे. मी पावती नवी फाडते.

आज ठीक आहे. सोडा.

आज परत तीनचं आठ.

असं पानामागून पान. मध्ये सुपरवायझरचं एक वाक्य, सरांना सांगून टाकू या का एकदाचं. त्याखाली काटकोनचं उत्तर. ते साहेबांनी जरा हळू वाचलं. 'नको. डोळ्यांचं आहे ते. चष्म्याचं नाव काढलं की चिडतो. मी त्याच्याशी बोलेन, वेळ बघून. तोवर आपण बघू.'

पाव शतकाबद्दल काही नव्हतं. प्रमुखपदाबद्दलही नव्हतं. माझ्याबद्दल एक वाईट शब्द नव्हता. मी वाट बघत होतो.

साहेबांनी काटकोनला विचारलं, हे कधीपासून. तो म्हणाला, "वर्ष होऊन गेलं. आधी फोनवर करायचो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला घरी बसवलं असतं."

"म्हणजे कंपनीपासून लपवलंत."

"हो," काटकोन म्हणाला. "माल एकदाही चुकीचा गेला नाही, पण लपवलं, हे खरं आहे. या दोघांना मीच ओढलं यात. आणि हे सॉफ्टवेअरचं काम त्याला द्या असंही मीच तुम्हाला सुचवलं होतं. म्हटलं, तेवढे दिवस ऑर्डर माझ्याकडे येईल."

क्लार्क रडत होती. सुपरवायझर जमिनीकडे बघत होता. मला वाटतं साहेबांना तेव्हा थोडं वाईट वाटत होतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला यावर काही म्हणायचंय?"

काटकोनने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कप ठेवताना बघतो तसं.

मी म्हणालो, फॉन्ट बारीक आहे.

साहेबांनी कागद खाली ठेवला, म्हणून आणखी म्हणालो, पुढच्या तपासात लागेल ती मदत करायला मी तयार आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

निर्णय आले.

सुपरवायझर आणि क्लार्कला ताकीद. काटकोनने राजीनामा दिला. साहेबांनी थांबा म्हटलं नाही. निवृत्तीला त्याची थोडीच वर्षं राहिली होती. ही घाई त्याने करायला नको होती, असं माझं मत आहे. माणसाने भावनेच्या भरात निर्णय घेऊ नयेत.

डिस्पॅच माझ्याकडून काढून सुपरवायझरला दिलं. मला 'सल्लागार, अंतर्गत संवाद' असं नवं पद. साहेब म्हणाले, मोठ्या साहेबांच्या वेळचे आहात म्हणून. मी मनात म्हटलं, सल्लागार म्हणजे प्रमुखाच्याही वरचा. टेबल स्टोअरच्या शेजारी हलवलं. तिथे शांतता आहे. रबराचा वास येतो थोडा.

कारखान्याने बेसिक प्लॅन घेतला. पासवर्डबाईंच्या एक पानी कागदावरून. पूर्ण खाती मोजकीच घेतली आहेत, तेव्हा मला गेस्ट केलं आहे. पासवर्डबाईंनी स्वतः येऊन सांगितलं, खाली बघत. मी त्यांना धीर दिला. म्हणालो, सल्लागार नेहमी बाहेरचाच असतो, त्याला गेस्टच म्हणतात.

मुकुट गेला आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ही ऑफिसात न्यायला आली आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काम कसं केलंत. हीच म्हणाली, "लोक होते."

३० सप्टेंबर, सोमवार

शनिवारीच चष्मा आला. गेल्या दोन दिवसांत सगळीकडची छपाई बरीच सुधारलेली दिसते.

जुन्या ऑर्डर काढून बघाव्यात असं मनात आलं. डिस्पॅच आता माझ्याकडे नाही, तेव्हा ते नियमात बसणार नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

काटकोनचा शेवटचा दिवस. निरोप समारंभ ठेवला नाही. साहेबांची परवानगी नव्हती म्हणतात. कुणी विचारली होती का, माहीत नाही. मी सल्लागार असल्याने विचारणं माझ्या कक्षेत येत नाही.

संध्याकाळी तो निघाला तेव्हा सुपरवायझर आणि क्लार्क त्याला गेटपर्यंत सोडायला गेले. पॅकिंगची बरीच माणसंही हातातलं काम टाकून गेली. मला जाता आलं नाही. त्याच वेळी मीटिंग होती. मीटिंग माझी एकट्याचीच होती, पण आधी ठरलेली होती. खिडकीतून दिसलं. नव्या चष्म्याने फार स्पष्ट दिसतं. त्याने मागे वळून इमारतीकडे एकदा पाहिलं. स्टोअरची खिडकी त्याला माहीत नसावी.

सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव राखाडी झालं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी चहाच्या यंत्रापाशी गेलो. सवयीने दोन कप काढले. दुसऱ्याचं काय करायचं कळेना. सुपरवायझरला दिला. तो म्हणाला, "झालाय माझा, सर." त्याचा झालेला नव्हता. दोन्ही मीच प्यायलो. आम्लपित्त.

ही सध्या कामापुरतं बोलते. आज कामापेक्षा एक वाक्य जास्त बोलली. "रविवारी त्यांच्याकडे जाऊन या."

मीही तेच ठरवलं होतं. फक्त सांगितलं नव्हतं.

निश्चय: रविवारी जायचं. एकच वाक्य म्हणायचं. दोन शब्दांचं आहे. बाथरूममध्ये म्हणून पाहिलं, पहिला शब्द नीट निघतो.

५ ऑक्टोबर, शनिवार

वाक्य एकदम अंगावर टाकण्यापेक्षा आधी थोडी पार्श्वभूमी द्यावी. म्हणजे त्यालाही समजून घ्यायला सोपं जाईल.

६ ऑक्टोबर, रविवार

गेलो. तिसरा मजला. दाराबाहेर त्याने कुंड्या एका रेषेत लावल्या आहेत, अगदी काटकोनात. त्यांना पाणी घालूनच तो आत गेला असावा, जमीन ओली होती.

दार त्यानेच उघडलं. घरचा सदरा, दाढी वाढलेली. मी म्हणालो, तुझ्याशी बोलायचं होतं. तो म्हणाला, "बोला."

पार्श्वभूमीपासून सुरुवात केली. बेसिक प्लॅन घेतल्यामुळे एका परीने बरं झालं, हे सांगितलं. बेसिकमध्ये जुने मेसेज काही महिन्यांत आपोआप पुसले जातात. तेव्हा ते संभाषण पुढे कुणाला दिसणार नाही, कुणाच्या नावावर राहणार नाही. बिझनेस घेतलं असतं तर राहिलं असतं. एंटरप्राइझमध्ये तर पुसलं तरी राहिलं असतं. मग त्याला अजून स्पष्ट व्हावं म्हणून गेस्टला काय काय दिसतं तेही सांगितलं. फार थोडं दिसतं. मी बराच वेळ बोललो असणार, कारण ओली जमीन वाळत आली होती.

आतून वहिनींनी विचारलं, कोण आलंय. तो म्हणाला, "ऑफिसातले एक जण आहेत."

मी वाक्यापर्यंत आलो होतो. पहिला शब्द तोंडात होता. तेवढ्यात त्याने विचारलं, "झालं का तुमचं सांगून?" त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. मी हो म्हणालो. त्याने दार लावलं. आपटलं नाही. नीट लावलं, कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत.

जिना उतरताना लक्षात आलं, तो मला तुम्ही म्हणत होता. पहिल्या शब्दापासून.

नव्या पदामुळे म्हणत असेल. तसंच लिहून ठेवतो.